कलम सात आणि माझी वहिनी

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे मास्तरीण म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. कोणी साच्यावर काचेचं कापड अंथरत असलं की हिची मान आपोआप तिकडे वळायची. कापडाला सुरकुती पडलेली दिसली की जागेवरूनच आवाज यायचा, "अगं ए, ती सुरकुती घरी दाखवायला ठेवली आहेस का?" फोरमन असो नाहीतर कालच लागलेली पोरगी, तिच्या तोंडातून कोणी सुटायचं नाही. एकदा मालक पाहुण्यांना कारखाना दाखवायला घेऊन आले होते. त्यातल्या एकाने ओल्या थराला हौसेने बोट लावलं. वहिनी म्हणाली, "साहेब, बोट तुमचं, पण खड्डा माझ्या नावावर लागतो." पाहुणे हसले, मालकही हसले, फोरमनच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

मी तिची नणंद. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो, दादा, वहिनी आणि मी. दादा शाळेची बस चालवतो आणि घरात बोलायचं काम त्याने आम्हा दोघींवर सोपवलंय. मी कामगारांची भांडणं लढते. माझी शाळा नववीत सुटली. कायदा शिकले तो एका वकिलाच्या टंकलेखकाशेजारी स्टूल टाकून, त्याच्या चुका काढत. आज कुठल्याही साहेबासमोर बसून त्याच्याच कराराचं पान त्याला वाचून दाखवते, आणि हे मी मिरवते, कारण मला कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. वहिनी मला पुढारीण म्हणायची. मी दारात चप्पल काढली की आतून विचारायची, "काय पुढारीण, आज कोणाची खुर्ची हलली?"

लिहायचं आहे ते तिच्याबद्दल. स्वतःला यातून बाहेर ठेवता आलं असतं तर ठेवलं असतं. पण या गोष्टीत मी आहे, आणि चांगल्या जागी नाही.

वहिनीचं काम बाहेरून बघणाऱ्याला भिंत रंगवण्यासारखं वाटतं. कारखान्यात छोट्या पवनचक्क्यांची पाती बनतात. पात्याच्या आकाराचा साचा असतो. त्यात काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन नावाचा चिकट द्रव चोपडायचा, रोलर फिरवून आतली हवा काढायची, मग पुढचा थर. रेझिन आपलं आपण वाळत नाही. त्यात हार्डनर घालावा लागतो, आणि तो पडला की घड्याळ सुरू. वीस-पंचवीस मिनिटांत बादली संपली पाहिजे, नाहीतर आतला माल दगड होतो. वहिनीने मनगटावर कधी घड्याळ बांधलं नाही. बादलीला बाहेरून हाताची पालथी बाजू लावायची आणि म्हणायची, "सहा मिनिटं आहेत, गप्पा नंतर." फोरमनने दोन वेळा घड्याळ लावून पाहिलं. तिसऱ्यांदा लावलं नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या टाक्या बनवण्यापासून तिने सुरुवात केली होती. शेडचा कारखाना झाला, टाक्यांची पाती झाली, बावीस वर्षं गेली. एक गोष्ट मात्र शेडमधून तशीच कारखान्यात आली. पाळी संपली की भिंतीशी एक टब भरलेला असायचा, त्यात ॲसिटोन. कोपरापर्यंत चिकट झालेले हात त्यात बुडवले की क्षणात स्वच्छ, कोरडे, पांढरेफटक. साबणाने अर्धा तास घासून निघत नाही ते तिथे बुडवताच गायब. नव्या पोरीला पहिल्या दिवशी हे वहिनीच दाखवायची. तिचा हात मनगटाशी धरून टबात घालायची आणि म्हणायची, "बघ, जादू." हातमोजे मिळायचे, पण पातळ, दुपारपर्यंत फाटायचे. शिवाय मोजा घातला की कापड कुठे कोरडं राहिलंय ते बोटांना कळत नाही, असं वहिनीचं म्हणणं. सगळ्यांनी ते मानलं, कारण तिच्या हातचं पातं कधी परत आलं नव्हतं.

मग पाती विकत घेणाऱ्यांनी अट घातली, की माल बनवणाऱ्या प्रत्येकाकडे रीतसर शिक्षणाचा दाखला हवा. कारखान्याकडे हात होते, दाखले नव्हते. शहराच्या दुसऱ्या टोकाला अभियांत्रिकी महाविद्यालय होतं. तिथे अशाच थरांच्या पदार्थांचा नवा विभाग निघाला होता. त्यांच्याकडे यंत्रं होती, पुस्तकं होती आणि हातांची बोंब होती. दोघांनी मिळून चार महिन्यांचा अभ्यासक्रम काढायचं ठरवलं.

विभागाचे सर पहिल्यांदा कारखान्यात आले ते स्वतः एक चौकोनी तुकडा बनवून दाखवायला. पस्तिशीचे, खिशाला दोन पेनं. त्यांनी खोल बादलीत भरपूर रेझिन घेतलं, हार्डनर घातला, नीट ढवळलं, आणि हे दोन पदार्थ एकत्र आले की आत काय घडतं ते बायकांना समजावून सांगू लागले. समजावणं लांबलं. बादलीतून धूर निघायला लागला.

"सर," वहिनी म्हणाली, "आत काय घडतंय ते आता बाहेर यायला लागलंय."

तिने बादली कडीला धरून अंगणात नेली, वाळूत ठेवली, आणि परत येऊन दुसरं रेझिन एका पसरट ट्रेमध्ये ओतलं. "खोल भांड्यात हे तापतं. पसरट भांड्यात दम धरतं. का ते मला विचारू नका."

"का ते मला माहीत आहे," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ट्रे घ्यायचा हे माहीत नव्हतं."

हे वाक्य वहिनीने घरी येऊन तीन वेळा सांगितलं. चुकणारे साहेब तिने ढिगाने पाहिले होते, बायकांसमोर तसं म्हणणारा हा पहिलाच.

महिन्याभरात सर तिच्याकडेच येऊन बसायला लागले. काचेच्या धुळीने अंगाला खाज सुटते तेव्हा आधी थंड पाण्याने धुवायचं, गरम पाण्याने घामाची भोकं उघडतात आणि काच आणखी आत बसते, हे तिने त्यांना शिकवलं. तिला एखादी गोष्ट कशी कळते हे ते विचारत राहायचे. कापडाने पुरेसं रेझिन घेतलं हे कशावरून? वहिनी म्हणायची, "पांढरेपणा जातो, पण ओघळ येत नाही, तिथे थांबायचं." सर तो तुकडा नेऊन भट्टीत जाळायचे, उरलेली काच तोलायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे, पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत. तेव्हा वहिनी म्हणायची, "पुस्तकाचं बरोबर आहे म्हणजे."

अभ्यासक्रमाला कारखान्यातले तीन प्रशिक्षक घ्यायचे ठरले. पदवीची अट नाही, पण सहा महिने संध्याकाळी महाविद्यालयात जाऊन शिकायचं आणि परीक्षा द्यायची. सरांनी पहिलं नाव वहिनीचं टाकलं. एक्कावन्नाव्या वर्षी, सातवी शिकलेली बाई, वही-पेन घेऊन बसमध्ये चढली. दादा तिला थांब्यापर्यंत सोडायला जायचा. गल्लीतले विचारायचे, "कुठे निघाली मंडळी?" तर तो सांगायचा, "शाळेत." दादाच्या मानाने हे भाषणच.

त्या सहा महिन्यांत आमच्या घरात जी बाई राहायची ती मी आधी कधी पाहिली नव्हती. जेवताना ती ताटाशेजारी पाण्याच्या बोटाने धागे काढायची. हे उभे, हे आडवे, हे तिरके. वारा पात्याला वाकवतो तेव्हा कोणता धागा ताण घेतो ते दादाला समजावायची. "इतकी वर्षं तिरकं कापड मधल्या थरात घातलं, कारण जुना फोरमन म्हणाला घाल. आता कळतंय पातं पिळवटू नये म्हणून. त्या मेल्याने एका शब्दाने सांगितलं नाही."

"त्याला तरी कुठे माहीत असेल," दादा म्हणाला.

"तेच म्हणते मी. आता मी ज्यांना शिकवीन त्यांना घाल म्हणणार नाही. का घालायचं ते आधी सांगेन."

तिला काय हवं होतं ते इतकं साधं होतं. साच्याच्या एका बाजूला पंधरा पोरी, दुसऱ्या बाजूला ती, आणि मध्ये ओलं कापड. कारखान्यात ओरडायची तेच आता हक्काने ओरडायचं, आणि ओरडण्याआधी कारण सांगायचं. बाकी पगार, मान, टाळ्या, यातलं तिच्या तोंडी काही नसायचं.

एका संध्याकाळी ती वर्गातून आली आणि वही न उघडता बसली. म्हणाली, "आज सरांनी हात धुवायला शिकवलं."

"पन्नाशीत?" मी हसले.

"ॲसिटोनने धुवायचे नाहीत म्हणे. त्याने कातडीचं तेल जातं आणि रेझिनला आत जायला रस्ता मिळतो. आपण स्वच्छ करतो असं वाटतं, आणि आपणच आत ढकलतो." मग स्वतःशीच मोजल्यासारखं म्हणाली, "किती पोरींचे हात धरून बुडवले मी."

मी कुठल्याशा अर्जात डोकं घातलेलं होतं. म्हणाले, "बरं झालं, लिहून ठेव. आमच्या मागणीपत्राला जोडते."

कारण तेव्हा माझी स्वतःची लढाई ऐन भरात होती. पात्यांना पॉलिश करणाऱ्या एका बाईचे हात सोलून निघाले होते, आणि कारखान्याने तिला घरच्या साबणाचं निमित्त सांगून काढलं होतं. मी तीस बायका घेऊन नऊ दिवस गेटवर बसले. महाविद्यालय, कारखाना आणि कामगार यांचा जो करार होणार होता त्यात तपासणीचं कलम घातल्याशिवाय मी सही होऊ देणार नव्हते. शेवटी कलम सात आलं. अभ्यासक्रमातल्या प्रत्येकाची, कामगार असो की प्रशिक्षक, कातडीची आणि श्वासाची तपासणी होईल, आणि ज्याला रेझिनची बाधा दिसेल त्याला रेझिन वापरत असलेल्या परिसरात शक्यतो ठेवणार नाही.

मी 'शक्यतो'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'कोणत्याही कारणाने'.

व्यवस्थापक म्हणाला, "ताई, नियमाला थोडी तरी हवा ठेवा."

"हवा राहिली की थर सुटतो," मी म्हणाले. "माझी वहिनी सांगते."

गेटवरच्या बायका खो खो हसल्या. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी आले आणि कलम सात मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनी शेंगा सोलत होती. तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा झगा होता, उन्हाळा असूनही. तिच्या पापण्या आठवड्याच्या शेवटी सुजलेल्या असायच्या आणि सुट्टीच्या दिवशी उतरायच्या. मी म्हणायचे, वाचायची सवय नाही, डोळ्यांवर ताण येतो.

"सूट कोणालाच नाही?" तिने विचारलं.

"कोणालाच नाही. शब्दच तसा घातलाय."

"चांगलं लिहिलंस," ती म्हणाली. दादा उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

परीक्षेत ती लेखीत तिसरी आली आणि प्रात्यक्षिकात पहिली. पत्र आलं, की प्रशिक्षक म्हणून निवड झाली आहे, वैद्यकीय तपासणी झाली आणि शिकवण्याचे तास भरले की दाखला मिळेल. दादाने ते पत्र बसच्या काचेजवळ चार दिवस लावून फिरवलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या कार्यालयात आली. कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, कागदांचे गठ्ठे. तिथे ती आजवर कधी आली नव्हती. मी म्हणाले, "बस." ती बसली नाही. तिने दार लोटलं आणि दोन्ही बाह्या वर केल्या.

मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत कातडी लाल होती, भेगाळलेली. कुठे पाणी धरलेले फोड, कुठे जुनी जागा जाड आणि काळपट. मी अशा हातांचे फोटो काढलेत, तारखा घालून कागदांना जोडलेत. हा हात रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवत होता.

"कधीपासून?"

"दीड वर्ष. आधी बोटांच्या बेचक्यात होतं."

"आणि ते डोळे?"

"तेच. आता हात लावायची पण गरज नाही, बादली जवळ असली तरी सुजतात."

"दादाला माहीत आहे?"

"तुझा दादाच तर मलम लावतो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला गेटवर नेऊन बसवलं असतंस." ती हसायला बघत होती. "ऐक ना. उद्या तपासणी आहे. तुझा शब्द ते मानतात. मला एवढ्या वेळी वगळायला सांग. एक तुकडी शिकवू दे. चार महिने. मग मी आपल्या पायांनी डॉक्टरकडे जाते, हात दाखवते, काय म्हणशील ते करते."

मला राग आला. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा रागच आला, आणि तोच पुढे चालत राहिला. मी म्हणाले, तीस बायका नऊ दिवस उन्हात बसल्या त्या कशासाठी? पहिली सूट माझ्याच घरात? उद्या तो व्यवस्थापक प्रत्येक बाईला सांगेल, पुढारणीच्या वहिनीला चालतं, तुला काय धाड भरली. आणि श्वासात गेलं तर? तिथे दादाने मलम कसं लावायचं? मी बोलत राहिले. बाहेर झेरॉक्सवाल्याने यंत्र थांबवलं, इतका माझा आवाज चढला होता.

माझं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आजही मला त्यात चूक सापडत नाही.

वहिनीने बाह्या खाली केल्या. मनगटाचं बटण तिला लावता येईना, बोटं सुजलेली होती. बराच वेळ ती त्या बटणाशी झटत होती. मी हात पुढे केला नाही. मी अजून बोलत होते.

"बरं," ती म्हणाली आणि दार उघडून गेली.

तपासणीत तिच्या पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीत निरनिराळा पदार्थ. तिसऱ्या दिवशी काढल्या तेव्हा रेझिनच्या पट्टीखाली रुपयाएवढा फोड उठलेला होता. डॉक्टर बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "तुमच्या शरीराने याला ओळखून ठेवलंय. आता ते विसरणार नाही. मलमाने खाज जाईल, ओळख जाणार नाही." वहिनीने विचारलं, "कधीच नाही?" त्यांनी मान हलवली.

कारखान्याने कलम सात अक्षर न् अक्षर पाळलं. तिला रेझिनच्या इमारतीत यायची बंदी झाली, आणि अंगणापलीकडच्या गोदामात हातमोजे वाटायचं काम मिळालं. नवे मोजे, जाड, न फाटणारे, तेही आमच्याच मागणीतले. प्रशिक्षकाचा दाखला अडला, कारण तो साच्यावर उभं राहून शिकवलेल्या तासांवर मिळायचा होता. व्यवस्थापक मला भेटला तेव्हा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला काहीतरी मिळालं असतं.

सर घरी आले. चहा पुढ्यात तसाच ठेवून म्हणाले, "आपण वेगळा मार्ग काढू. तुम्ही महाविद्यालयाच्या वर्गात फळ्यावर शिकवा. तिथे रेझिन नसतं."

"सर, फळ्यावर रोलर फिरवू?"

"चित्रफीत करू तुमची. आधीचे साचे आहेत, कोरडं कापड घेऊन…"

"कोरडं कापड कसलं बोलतंय," वहिनी म्हणाली. "सर, तुम्ही चांगले आहात. चहा घ्या." थोड्या वेळाने म्हणाली, "एक करा. ज्या पोरी माझ्या हाताखाली लागल्या त्या सगळ्यांना तपासा. अभ्यासक्रमात नसतील त्यांनाही. नावं मी देते."

तिने नावं दिली. एक्केचाळीस जणी, शेडच्या दिवसांपासूनच्या, कोण कुठे राहते त्यासकट. त्यातल्या चौघींच्या पाठीवर फोड उठले. अजून सुरुवात होती, चौघींना वेळेत दुसरं काम मिळालं. ॲसिटोनचा टब भिंतीपासून हलला. मी हे सगळं घरी येऊन तिला सांगितलं, आणि सांगताना माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर होता. तो मलाच ऐकू आला, पण तोवर उशीर झाला होता.

"तुझं कलम बरोबर आहे," वहिनी म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी त्या दिवशीही चूक आहे म्हणाले नव्हते."

"मग माझ्याशी बोलत का नाहीस?"

"बोलते की."

"वहिनी."

तिने घडी खाली ठेवली. "तू नाही म्हणणार हे मला तुझं दार लोटतानाच माहीत होतं. तुला मी काय आज ओळखते? तुझ्या फ्रॉकला बटणं लावलीत मी. मला वाटलं, नाही म्हणशील, पण आधी थोडं वाईट वाटेल तुला. माझ्यासाठी. दोन मिनिटं." मग तिने पुढचा कपडा उचलला. "तू सरळ सभाच घेतलीस."

दादा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

अभ्यासक्रमाच्या उद्घाटनाला मला बोलावणं होतं. कामगारांच्या वतीने भाषण माझं. मी जाणार नाही म्हणाले. वहिनी म्हणाली, "जा. तू नाही गेलीस तर ते त्यांचं म्हणून सांगतील." मी गेले. मांडव होता, खुर्च्या होत्या, मी कलम सातबद्दल बोलले, टाळ्या पडल्या. घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. तिने वळून विचारलं, आणि कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

"पहिला थर कोणी टाकला?"

मला माहीत नव्हतं. भाषणं संपल्यावर सगळे साच्याकडे गेले होते, आणि मी मांडवात बातमीदारांशी बोलत उभी होते. इतकी वर्षं मी त्या कामासाठी भांडले, आणि ते काम होताना नीट उभं राहून कधी पाहिलं नव्हतं.

"कोणीतरी पोरगीच होती," मी म्हणाले.

"हो का," ती म्हणाली, आणि परत ओट्याकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. शिकवण्याच्या खोलीला बाहेरच्या बाजूने मोठी खिडकी आहे, तिथे उभी राहायचे. आत वहिनीच्या जागी घेतलेल्या नव्या बाई शिकवायच्या. वहीत लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी तिला सांगायचे. आज पंधरापैकी चौदा जणी आल्या. आज कापड कापायला शिकवलं. आज एकीने ट्रेऐवजी बादली घेतली आणि सरांनी स्वतः हात धरला. वहिनी ऐकायची. कधी मान हलवायची, कधी विचारायची, भाजीत मीठ पुरे आहे का. मी माझ्या परीने सगळं बरोबर सांगत होते, आणि मला वाटायला लागलं की बरोबर सांगते म्हणूनच तिला बोलायला काही उरत नाही.

म्हणून एक दिवस मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. रोलर नेहमी मधून कडेकडे फिरवायचा, म्हणजे हवा बाहेर पडते. कडेकडून मध्ये फिरवला तर सगळी हवा पात्याच्या पोटात जमते आणि ते पातं फेकावं लागतं. हे त्या खिडकीशी उभं राहिलेल्या कोणालाही पहिल्या दिवशी कळतं. पूर्वी एका पोरीने तसं केलं होतं तर वहिनीने तिचा रोलर हिसकावून घेतला होता आणि दिवसभर तिला परत दिला नव्हता.

मी म्हणाले, "आज रोलर शिकवला. नव्या बाई सांगत होत्या, कडेने सुरू करा आणि मध्ये आणून संपवा. पोरी छान करत होत्या."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. दादानेही घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. जेवणाचं ताट ढकलून ती उठेल, मला शिव्या घालेल, उद्याच्या उद्या सरांना जाऊन सांग म्हणेल, याची मी वाट पाहत होते.

वहिनीने पाण्याचा तांब्या उचलला, दादाच्या पेल्यात ओतलं, मग माझ्या.

"असेल तसं," ती म्हणाली.